मुसफ्फातलं गाऱ्हाणं

निवडणूक रत्नागिरी जिल्ह्यात, आणि झोप उडालेली अबूधाबीजवळच्या मुसफ्फातल्या लेबर कॅम्पमध्ये. कुणाला सांगितलं तर तो हसेल. हसू दे. हसणाऱ्याच्या घरची विहीर आटलेली नसते.

भिकाजी त्या कॅम्पात एकोणीस वर्षं काढून बसला होता. वर्कशॉपात त्याचं काम गॅसकटरचं. जाड लोखंडी पत्र्यावर खडूनं रेघ मारायची, टॉर्च पेटवायची आणि उकिडवं बसून त्या रेघेवरनं ज्योत नेत पत्रा कापायचा. ठिणग्यांनी मनगटांवर काळे ठिपके पडलेले, गुडघे सुजून घट्ट झालेले. संध्याकाळी बसच्या पायरीवर चढताना तो दांडा धरून आधी देह वर ओढायचा आणि मग पाय. वर्कशॉपात त्याला भिकाजी म्हणत, ओळखपत्रावर तर नुसता नंबर. पण कोकणात, कोंडवाडीत, तो गावकर होता.

गावकर म्हणजे वाघजाईच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा. कुणाचं लग्न ठरलं, कुणाची म्हैस हरवली, कुणी परमुलखात निघालं, की त्यानं देवीपुढे नारळ आणि विडा ठेवायचा. गावकरानं उभं राहून त्याचं म्हणणं देवीला सांगायचं आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. एकदा तसं म्हटलं की माणूस शब्दानं बांधला गेला, आणि तो शब्द सोडवायचा तर गावकरानंच. आणखी एक रीत अशी की समोर नारळ ठेवला की गावकरानं नाही म्हणायचं नाही. ठेवणारा चोर का असेना, त्याचं म्हणणं देवीपर्यंत पोचवायचं, पुढचं देवी बघेल. भिकाजी आखातात आला म्हणून हा मान सुटला नाही. वाडीतली माणसं देवळात नारळ ठेवून मोबाइल देवीसमोर धरायची आणि इकडून भिकाजी बोटिमवर गाऱ्हाणं घालायचा. व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल या मुलखात लागत नाही, म्हणून बोटिम. देवीनं त्याबद्दल कधी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

राज्यातल्या राजकारणाचा तेव्हा पार विचका झाला होता. एकेका पक्षाची दोन-दोन शकलं झालेली, काल ज्याच्या गळ्यात हार घातला त्याच्या नावानं आज बोंब, आणि एका चुलीवर जेवणाऱ्या भावांच्या खिशात वेगळे बिल्ले. कोंडवाडी ज्या जिल्हा परिषदेच्या जागेत येते ती गेल्या खेपेला नऊ मतांनी इकडची तिकडे झाली होती. तेव्हापासून पुढाऱ्यांना अक्कल आली. मुंबईत, पुण्यात, आखातात, जिथं म्हणून या भागातला माणूस पोट भरायला गेलाय तिथं फोन खणखणू लागले. एरवी वर्षाकाठी कुणी विचारत नाही की बाबा, जिवंत आहेस का. आता विमानाची तिकिटं हातावर ठेवायला तयार.

यंदा ती जागा बायकांसाठी राखीव होती. छत्री या चिन्हावर उभी होती चिरेखाणवाल्याची बायको. तिच्यासमोर कपबशी घेऊन उभी होती विनिता, भिकाजीची सून.

विनिताला काही पुढारीपणाची हौस नव्हती. वाडीच्या वरच्या सड्यावर, त्या कातळमाळावर, खाणवाल्यानं जांभ्याचे चिरे कापायला घेतले आणि दोन वर्षांत खालची विहीर मार्गशीर्षातच तळाला गेली. बायका कळशा घेऊन व्हाळातल्या, म्हणजे आटलेल्या ओढ्यातल्या, खड्ड्यावर बसू लागल्या, वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. विनितानं अर्ज केले, चकरा मारल्या, साहेब लोकांनी चहा पाजून परत पाठवलं. मग एक दिवस ती सगळ्या बायकांना घेऊन चिऱ्यांच्या ट्रकांपुढे जाऊन बसली. ट्रक सकाळभर अडले. त्या दिवसापासून लोक तिचं नाव घेऊ लागले आणि कपबशीवाले तिच्या दारात आले. विघ्नेश, तिचा नवरा, चिपळूणला कंपनीत कामाला. तो आधी गडबडला, मग सुट्ट्या टाकून बायकोमागं प्रचाराला फिरू लागला. घर सांभाळायला ठकुबाई होतीच, भिकाजीची बायको.

कोंडवाडी आजवर सगळी एकगठ्ठा मत द्यायची. देवळात बैठक व्हायची, गाऱ्हाणं व्हायचं, ठरलेल्या चिन्हाला वाडी जायची, एक मत इकडचं तिकडे नाही. या वेळी वाडी विनिताच्या बाजूला झुकलेली होती, आणि वाडी गेली की जागा गेली हे खाणवाल्याला पक्कं कळत होतं. पण त्याचं नशीब बघा कसं. त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ सोमनाथ मुसफ्फात त्याच वर्कशॉपचा सुपरवायझर होता. कुणाला सुट्टी द्यायची, कुणाला कुठल्या साइटवर पाठवायचं, कुणाचा ओव्हरटाइम कापायचा, सगळं त्याच्या हाती. माणसांचे पासपोर्टसुद्धा त्याच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात. कायद्यानं ते ज्याचे त्याच्याकडे असायला हवेत, पण कायदा विचारायला जायचं ते सुपरवायझरला विचारून.

एका रविवारी, सुट्टीच्या दिवशी, सोमनाथ कॅम्पवर आला. पायांत स्वच्छ बूट, हातात पिशवी. भिकाजीच्या खोलीत वाडीचीच माणसं होती, किसन आणि त्याच्या बरोबरीची आणखी तिघं. चौघंही तिशीच्या आतबाहेरची, चौघांची सुट्टी मंजूर झालेली, चौघांना तिकिटं सोमनाथनं दिलेली. एकेक तिकीट नऊशे दिरहम, म्हणजे आपले बावीस हजार, असं त्यानं आल्या आल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. मग खाली सतरंजीवर मांडी घालून बसला. सुपरवायझर खाली बसला म्हणून पोरं अवघडली.

“गावकर,” सोमनाथ म्हणाला. वर्कशॉपात तो कधी गावकर म्हणत नसे. “पोरं चाललीत घरी. सुखरूप पोचू देत, आणि आम्ही हातात घेतलेलं काम तडीस जाऊ दे. तेवढं गाऱ्हाणं घाला.”

आणि पिशवीतून त्यानं नारळ काढला, बर दुबईच्या देवळाजवळच्या गल्लीतून आणलेली विड्याची पानं काढली, आणि मोबाइलमध्ये लावलेल्या वाघजाईच्या फोटोसमोर ठेवली.

भिकाजीला कळलं नाही असं नाही. त्याला लख्ख कळलं. हातात घेतलेलं काम म्हणजे कुठलं, हे त्या खोलीतल्या भिंतींनाही कळलं होतं. पण समोर नारळ होता. बापानं, आजानं कधी नारळ परतवला नव्हता. त्यानं मनाशी म्हटलं, मी नाव थोडंच घेतोय? देवी काय दुधखुळी आहे? तिला माहीत आहे खरं काय आणि खोटं काय. आणि तो सुजलेले गुडघे धरून उभा राहिला.

“हे आई वाघजाई, आज ही तुझी लेकरं परमुलखात तुझ्या पायाशी उभी हायत. ज्यानं जो हेतू मनात धरून हा नारळ ठेवलाय, तो हेतू तडीस ने. जी माणसं या कामाला निघालीत त्यांना सुखरूप ने, सुखरूप आण. त्यांचा पाय घसरू देऊ नको, शब्द फिरू देऊ नको, म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा,” चौघं म्हणाले. सोमनाथ सगळ्यांत मोठ्यानं म्हणाला. खोलीच्या दाराशी त्याचा कुणी माणूस मोबाइल वर धरून उभा होता, ते भिकाजीनं पाहिलं होतं. पण हल्ली कुणाच्या हातात मोबाइल नसतो?

दुसऱ्या दिवशी मुसफ्फात दाट धुकं होतं. कंपनीची बस दिवे लावून रांगत निघाली. बस चालवायचा मुझम्मिल, कोंडवाडीच्या खालच्या अंगाला खाडीकाठी जो मुसलमानांचा मोहल्ला आहे तिथला. त्याची आणि भिकाजीची जुनी दोस्ती. वर्कशॉपच्या फाटकात बस उभी करून त्यानं भिकाजीला मागे थांबवलं आणि आपला फोन पुढे केला. त्याच्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. आधी छत्रीचं चित्र, मग हात जोडून उभा असलेला भिकाजी, त्याचं गाऱ्हाणं पहिल्या शब्दापासून शेवटापर्यंत, मग पुन्हा छत्री. खाली लिहिलं होतं की खुद्द सासऱ्याचा आशीर्वाद कुणाला, ते वाडीनं ओळखावं.

“काका, हे तुम्ही का केलंत?” मुझम्मिलनं विचारलं. भिकाजीनं सांगितलं की नारळ ठेवला होता. मुझम्मिलनं फोन खिशात घातला. त्याला ती रीत माहीत होती, पण त्याच्या तोंडावर दिसत होतं की रीत गेली खड्ड्यात.

त्या दिवशी भिकाजीनं खडूनं मारलेली रेघ तीनदा चुकली. एक पत्रा वाया गेला. सोमनाथ येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, “भिकाजी, दिसत नाही का? चष्मा बदला नाहीतर मुलूख बदला.” कालचा गावकर आज पुन्हा भिकाजी झाला होता.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत भिकाजीनं घरी बोटिमवर व्हिडिओ फोन लावला. ठकुबाईनं उचलला आणि एक शब्द न बोलता सुनेच्या हातात दिला. विनिता उन्हातून आलेली होती, डोक्यावर पदर, कपाळाला घाम. ती रडत नव्हती. ती रडली असती तर भिकाजीला बरं वाटलं असतं.

तिनं सांगितलं की सकाळपासून सहा घरांनी दार लावून घेतलं. म्हातारी माणसं म्हणतात, पोरी, आमचा तुझ्यावर राग नाही, पण गावकरानं शब्द घातलाय, आता आम्ही काय करणार. बैठकीत ठरलेलं सगळं फिरलं. विघ्नेशला नाक्यावर लोक विचारतात की तुझा बाप तुझ्या बायकोला मत द्यायला तयार नाही, आम्ही कशाला द्यायचं. तो घरी येऊन उपाशी झोपलाय.

भिकाजी म्हणाला की मी नाव घेतलं नव्हतं. मी आज परत देवीला सांगतो, तुझ्या नावानं गाऱ्हाणं घालतो.

“नको, बाबा,” विनिता म्हणाली. “माझ्यासाठी गाऱ्हाणं नको. मला एवढंच सांगा, तो नारळ कशासाठी आहे ते तुम्हाला ठाऊक होतं की नाही?”

भिकाजीनं नजर ताटाकडे वळवली. समोर पत्रावळीसारख्या पातळ ताटात डाळ गार होत होती.

“ठाऊक होतं ना? मग तेवढंच वाडीला सांगा. देवळासमोर उभं राहून, आपल्या तोंडानं. मी चुकलो म्हणा. बाकी मी बघते.”

आता तुम्ही म्हणाल यात काय मोठं? ज्या घराण्यानं पिढ्यान्‌पिढ्या देवीची जीभ म्हणून मान घेतला, त्या घराण्यातल्या माणसानं भर देवळात मी चुकलो म्हणायचं, ही साधी गोष्ट नाही. गावकर चुकतो म्हटल्यावर मागच्या सगळ्या गाऱ्हाण्यांचं काय? भिकाजीला सुनेचा राग आला. कालची पोर, मला देवळात नाक घासायला सांगते. संध्याकाळपर्यंत तो राग पुरला. संध्याकाळी बसमध्ये चढताना पाय उचलेना, तेव्हा दांड्याला धरून तो तसाच उभा राहिला आणि त्याच्या मनात आलं की ठकुबाई या वयात व्हाळात बसून वाटीनं पाणी भरते, आणि मी इथं खाणवाल्याच्या मेव्हण्यासाठी देवीला हात जोडतो. मग जो राग आला तो स्वतःचा होता.

त्याला स्वतः जायचं होतं. हे असलं फोनवरून करायचं नाही, समोर उभं राहून करायचं, म्हणून तो सोमनाथच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहिला. त्याची सुट्टी शिल्लक होती, दोन वर्षं तो घरी गेला नव्हता. सोमनाथनं बराच वेळ उभं ठेवलं, मग दार अर्धवट उघडून सांगितलं की मॅनपॉवर शॉर्ट आहे, रुवैसच्या रिफायनरीत शटडाऊनचं दुरुस्तीकाम लागलंय, लीव्ह सगळी बंद. किसन आणि तिघांची कशी चालू, असं भिकाजीनं विचारलं. सोमनाथ हसला. म्हणाला, “इथं पॉलिटिक्स बोलायचं नाही, भिकाजी. मुलूख दुसऱ्याचा आहे. कुणी वर कळवलं तर खलास.” स्वतः खोलीत छत्रीसाठी नारळ ठेवून गेलेला माणूस हे बोलत होता, आणि त्याला जराही लाज वाटत नव्हती.

तिसऱ्या दिवशी भिकाजीची रवानगी रुवैसला झाली. पश्चिमेला वाळवंट तुडवत कितीतरी तास जायचं, मग रिफायनरीच्या चिमण्या दिसायला लागतात. तिथली एक भलीमोठी टाकी दुरुस्तीला उघडली होती. भोकातून आत शिरायचं, परांचीला कमरेचा पट्टा अडकवून लटकायचं आणि आतल्या गंजक्या पट्ट्या कापून खाली सोडायच्या. बाहेर वारा वाळू उडवी, आत ज्योतीनं भट्टी होई. बाहेर आलं की घाम अंगावरच थंड पडे आणि हुडहुडी भरे. भिकाजीच्या वयाची माणसं त्या कामावर पाठवत नाहीत. सोमनाथनं पाठवलं. आत फोन न्यायला बंदी, तो फाटकावर जमा करायचा. म्हणजे दिवसभर वाडीत काय चाललंय ते कळायची सोय नाही.

बरोबरच्या माणसांनीही व्हिडिओ पाहिला होता. कुणी त्याला चहा देताना म्हणे, गावकर, आमच्याही बायकोला जरा गाऱ्हाणं घाला, ती आमचं ऐकत नाही. सगळे हसत. भिकाजी चहा घेई आणि टाकीच्या सावलीला जाऊन पिई.

एक दिवस सोमनाथ स्वतः रुवैसला आला. साइटची पाहणी म्हणून. भिकाजीला बाजूला घेऊन त्यानं मधाळ आवाजात सांगितलं की हे काम तुमच्या वयाचं नाही, मला कळतं. मतदान होऊ द्या. तोवर वाडीशी काही बोलू नका, फोनसुद्धा करू नका. दुसऱ्या दिवशी तुमची लीव्ह मंजूर, तिकीट माझ्याकडून, इन्शाल्ला. भिकाजीनं हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. हातातला टॉर्चचा नळा तेवढा त्यानं वाळूत टाकून दिला. सोमनाथला वाटलं म्हातारा थकला.

थकला नव्हता तो. चिडला होता. आजवर त्याला रागवायचं कुणावर हेच नीट कळलं नव्हतं, ते आता कळलं. ज्या गोष्टीवर आपला जन्मसिद्ध हक्क, ती सुट्टी, ती घरी जायची वाट, हा माणूस बक्षीस म्हणून दाखवतोय. आणि बदल्यात काय मागतोय? तर गप्प राहणं. आपण गप्प राहिलो म्हणून तर हे सगळं झालं.

रुवैसच्या माणसांना न्यायला-आणायला मुझम्मिलचीच बस होती; भिकाजीनं त्याला सांगून ठेवलं आणि विनिताला निरोप धाडला. प्रचार संपायच्या शेवटच्या संध्याकाळी मुझम्मिलनं माणसं न्यायला आणलेली बस फाटकाबाहेर थोडी लांब लावली आणि आपला फोन काचेला टेकवून ठेवला. इकडे उन्हं उतरत होती, तिकडे कोकणात काळोख पडला होता. वाडी देवळासमोर जमली होती. विनितानं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की गावकर बोलणार आहेत, काय बोलणार ते मला विचारू नका. काळ्या पडलेल्या कव्हरऑलमध्ये, हेल्मेट काखेत धरून भिकाजी फोनसमोर उभा राहिला. मागं बसमधली माणसं सीटवरून पुढे वाकून बघत होती.

“मी भिकाजी बोलतोय,” तो म्हणाला. “त्या रविवारी मी जे गाऱ्हाणं घातलं ते खाणवाल्याच्या बायकोसाठी होतं. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून घातलं. नाव घेतलं नाही म्हणजे आपण सुटलो असं मला वाटलं. मी चुकलो. देवी नाय चुकली, मी चुकलो. त्या गाऱ्हाण्यात जो कोण बांधला गेला असंल, त्याला मी सोडवला. मी सुनेलाही शब्द देत नाय. ज्याला जे बटण दाबायचं ते आपल्या डोक्यानं दाबा.”

 तिकडून वाडीतला एक म्हातारा म्हणाला की असं कधी झालं नव्हतं. गावकर शब्द मागं घेतो म्हणजे वाडी फुटली. दुसरा म्हणाला, फुटू दे. मग एकच गलका झाला, आणि त्या गलक्यात ठकुबाईचा आवाज भिकाजीला ओळखू आला. ती आजवर देवळासमोर कधी बोलली नव्हती. ती कुणालातरी विचारत होती की व्हाळातल्या खड्ड्यावर तू येतोस का रे पाणी भरायला, वाडी फुटली म्हणून बोंबलतोस तो.

मतदानाच्या दिवशी भिकाजी टाकीत लटकून पट्ट्या कापत होता. ज्या माणसाच्या शब्दावरून आठवडाभर दोन्ही बाजू भांडत होत्या, त्याला स्वतःचं मत देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. संध्याकाळी फाटकावर फोन हातात आला तेव्हा त्यात विघ्नेशचा मेसेज होता. विनिता तीन मतांनी पडली. कोंडवाडी पहिल्यांदा फुटली होती, निम्म्याहून जास्त मतं विनिताला, बाकीची छत्रीला. छत्रीवाल्यांनी गुलाल उधळत मिरवणूक काढली आणि मुद्दाम वाडीवरून नेली.

भिकाजीला लीव्ह मिळाली नाही. का मिळेल? त्यानं काम बिघडवलं होतं. शटडाऊन उरकल्यावर सगळ्यांबरोबर त्याला मुसफ्फाला आणून टाकलं. तो खोलीत शिरला तर किसन आदल्या दिवशीच गावाहून परत आला होता. त्याच्या खाटेवर पेढ्यांचा उघडा बॉक्स होता. भिकाजीला बघून किसननं तो झाकला.

तो पोरगा वाईट नव्हता. भिकाजीचे गुडघे दुखले की तेल लावून देणारा तोच. भिकाजीनं बूट काढले, खाटेवर टेकला आणि सरळ विचारलं, मत कुणाला दिलंस. किसननं मान खाली घातली. मग हळूहळू सांगितलं. मुंबईच्या विमानतळावर छत्रीवाल्यांची गाडी उभी होती. चौघांना थेट खाणवाल्याच्या बागेतल्या घरात नेलं, फोन काढून घेतले, मटण खायला घातलं. घरीसुद्धा जाऊ दिलं नाही. मतदानाच्या सकाळी गाडीतून थेट केंद्रावर. वाडीत काय झालं त्यातलं काही कळलं नाही.

“काहीच कळलं नाही?” भिकाजीनं विचारलं.

किसन घुटमळला. मग म्हणाला की रांगेत ठकुकाकी होत्या. त्यांनी मोठ्यानं सांगितलं, किसन, तुझ्या काकानं गाऱ्हाणं सोडवलंय, तू मोकळा आहेस. छत्रीवाले त्यांच्या अंगावर ओरडले, पोलिसानं त्यांना गप्प केलं. पण ऐकू आलं होतं. चौघांनाही आलं होतं.

“मग?”

“मग काय, काका? तुम्ही बांधलं होतंत आम्हाला. शब्द फिरू देऊ नको, असं तुम्हीच म्हणालात आणि आम्ही व्हय म्हाराजा म्हटलं. बाईमाणसाच्या तोंडानं गाऱ्हाणं सुटतं होय?”

चौघांतली दोघं जरी फिरली असती तरी विनिता निवडून आली असती. भिकाजीनं तो हिशेब बोटांवर दोनदा केला. म्हाताऱ्या बायकोनं भर रांगेत, पोलिसासमोर, आयुष्यात पहिल्यांदा घसा फोडून खरं ते सांगितलं. चौघांनी ऐकलं. आणि ती बाई म्हणून खोटी ठरली. हे या पोरांना शिकवलं कुणी? सोमनाथनं नाही, खाणवाल्यानं नाही. देवळात देवीच्या तोंडून फक्त आम्हीच बोलणार, असं सांगत आलेल्या भिकाजीच्या घराण्यानं शिकवलं.

त्याला किसनला मारावंसं वाटलं. मारलं नाही. त्यानं एवढंच सांगितलं की उद्यापासून मी गावकर नाही. तुला देवीला काय सांगायचं असेल ते स्वतः सांग, आणि तुला तोंड नसेल तर तुझ्या ठकुकाकीला सांगायला सांग. किसन रडायला लागला. भिकाजीनं त्याची समजूत काढली नाही. तो आंघोळीला गेला.

सकाळी बसमध्ये बसण्याआधी विनिताचा फोन आला. खाणीचे ट्रक पुन्हा चालू झाले होते, निकाल लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, आणि आता दुप्पट. बायका आजपासून रस्त्यावर बसणार होत्या. पडलेल्या उमेदवाराला पोलीस विचारत नाहीत, उचलून नेतील असं विघ्नेश म्हणत होता. तिनं सासऱ्याकडे काही मागितलं नाही. फक्त सांगून ठेवते म्हणाली, नंतर कुणाच्या तरी ग्रुपवर बघण्यापेक्षा. मागून कळशा आपटल्याचा आवाज येत होता. भिकाजीनं विचारलं, तुझी सासू कुठंय. ती पुढे गेली, असं विनिता म्हणाली.

वर्कशॉपात पोचल्यावर भिकाजी टॉर्चकडे गेला नाही. तो सोमनाथच्या केबिनचं दार ढकलून आत गेला. सोमनाथ फोनवर मिरवणुकीचे फोटो बघत होता. मान वर न करता म्हणाला, “लीव्ह नाही, भिकाजी. एकदा सांगितलं ना? यल्ला, कामाला लागा.”

“लीव्ह मागायला आलो नाय,” भिकाजी म्हणाला. “कॅन्सल कर.”

सोमनाथनं मान वर केली. कॅन्सल म्हणजे व्हिसा रद्द, नोकरी खलास, कायमचं घरी. त्यानं समजावून बघितलं. या वयात पुन्हा इकडे यायला मिळणार नाही. नोटिसीचा काळ भरावा लागेल. तिकडे जाऊन करणार काय?

“सुनेबरोबर रस्त्यावर बसणार. तुझ्या दाजीचे ट्रक जातात त्या. नोटीस आजपासून धर. आणि पासपोर्ट आत्ता दे. तो माझा आहे.”

“असा लगेच कसा मिळेल?”

“मग मी लेबर ऑफिसात जाऊन विचारतो, कसा मिळेल ते. बाहेर मुझम्मिल बस घेऊन उभा आहे. आणि तू माझ्या खोलीत ठेवलेल्या नारळाचा व्हिडिओ त्याच्याही फोनवर आहे, त्यात तुझाच आवाज सगळ्यांत मोठा. इथं पॉलिटिक्स चालत नाय, असं तूच सांगितलं होतंस.”

सोमनाथचा चेहरा उतरला. तो उठला, खिसे चाचपले, मग टेबलाचे खण उघडून कपाटाची चावी शोधू लागला. भिकाजीनं त्याच्या टेबलासमोरची गादीची खुर्ची ओढली आणि तीवर बसला. एकोणीस वर्षांत त्या केबिनमध्ये तो पहिल्यांदाच बसत होता.